सभासद नाही

माझं झेरॉक्सचं दुकान धनकवडीत,
शेवटच्या थांब्याच्या जरा अलीकडे.
मशिनं दोन. एक धड, एक रुसलेलं.
निवडणूक लागली की आधी मला कळतं.
इच्छुक येतात जातीचा दाखला घेऊन,
पाणीपट्टी भरल्याचा कागद,
घरात शौचालय असल्याचं प्रमाणपत्र,
"पाठपोट, दोन प्रती, ताई, जरा लवकर."

मी सगळ्यांना पालथं घालून बघते.
एकाच्या शपथपत्रात बायकोचं सोनं साठ तोळे,
आणि ती बाहेर स्कूटरवर बसलेली,
हातात काचेच्या बांगड्या.
कुणाला काही बोलत नाही.
पानाला दोन रुपये घेते.

यंदा एका पक्षानं ठरवलं,
तिकीट वरून येणार नाही,
प्रभागातच पेटी ठेवायची,
सभासदांनी निवडायचं कोण उभं राहील ते.
मतपत्रिका माझ्याकडेच छापायला आल्या.
साडेसहाशे, पिवळा कागद, चार नावं.
चौघांनाही मी काचेवरून ओळखत होते.
कटिंग करताना अंगठा कापला,
एवढाच माझा त्या मतदानाशी संबंध.

रविवारी मंगल कार्यालयात
आदल्या दिवशीच्या लग्नाचं थर्मोकोल भिंतीवर तसंच:
'चि. सौ. कां.' शाबूत, पुढचं नाव उपटलेलं.
दारात टेबल, टेबलावर वही,
वहीमागे बारटक्क्यांचा निहार,
ज्याला दहावीच्या प्रश्नपत्रिका मी उधारीवर काढून दिल्या होत्या.
"काकू, सभासद?"
"नाही."
"मग कुठल्या पक्षाच्या?"
"कुठल्याच नाही रे."
त्यानं वहीत रकाना शोधला.
रकाना नव्हता.

माझ्यामागे पीएमटीतून निवृत्त झालेले ढमढेरे.
म्हणाले, "एकतीस वर्षं मी तिकिटं दिली,
कात्रज ते शिवाजीनगर,
एकालाही पक्ष विचारला नाही."
त्यांच्यामागे शिकवणीवाल्या बागवान बाई,
पर्समध्ये मतदार ओळखपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं.

आतून तुपे आले, प्रभागाचे अध्यक्ष.
"ताई, घरचं स्थळ घरचेच बघतात.
तुम्ही अक्षता टाकायला या ना, आमंत्रण आहेच."
मी म्हटलं, "स्थळ बघा तुम्ही खुशाल,
पण पाच वर्षं नांदायचं आम्हाला."
निहार हसला. तुपे नाही हसले.

आणि त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही.
"सतरंज्या आमच्या पोरांनी उचलल्या,
उद्या समोरचे शंभर माणसं धाडतील,
मुद्दाम आमच्यातला पडेल तो निवडतील. मग?"
यावर मला काही सुचलं नाही.
अजूनही नीटसं सुचलेलं नाही.
बागवान बाई म्हणाल्या, हळू आवाजात,
शिकवणीत हातचा समजावतात तसं:
"आम्हाला धाडणारं कुणी असतं, साहेब,
तर आम्ही या दारात कशाला आलो असतो?"

तुपेंनी वर फोन लावला.
वरचा फोन व्यस्त.
चहा आला. ढमढेऱ्यांनी बशीत ओतला.
पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त.
मग निहारनं, कुणी सांगितलं नसताना,
समासात पट्टीनं एक रेघ ओढली
आणि वर लिहिलं, 'इतर'.

सह्या केल्या आम्ही सतरा जणांनी.
आमच्या पिवळ्या चिठ्ठ्या मात्र वेगळ्या ठेवल्या,
लग्नात उरलेल्या बुंदीच्या खोक्यात.
मोजायच्या की नाही ते नंतर ठरणार होतं.
कुठे, कुणाकडून, ते विचारलं तर
तुपे छताकडे बघायला लागले.

मंगळवारी निहार तीच वही घेऊन दुकानात:
"काकू, पाठपोट, दोन प्रती. वर पाठवायच्यात."
पान उघडून काचेवर ठेवलं.
समास बाहेर राहत होता.
सरकवलं, तर सभासदांचे अनुक्रमांक कापले जायचे.
धडवालं मशीन तापलेलं,
रुसलेलं त्या दिवशी कसं कोण जाणे चालू झालं.
मी नव्वद टक्क्यांवर आणलं.
सगळे बसले एका कागदावर.
अक्षर जरा बारीक झालं, तेवढंच.