विरामांची नोंद

कंगव्याचं चित्र दाखवलं की इशबेल रॅट्रे म्हणते, 'वेगा.'
मी लिहिते: विराम ३.२ सेकंद. चूक.
शिडी दाखवली: विराम ५.१. 'नाही... ती... वरची.'
छत्री: 'कॅपेला.'
किल्लीला ती नुसतीच हसते.
हसण्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

डंडी. इस्पितळाचा सहावा मजला. नोव्हेंबर.
चार वाजायच्या आतच खिडकीतली टे नदी काळी पडते.
मी इथे वाचाघातावर संशोधन करायला आले,
म्हणजे खरं तर माणसं बोलत नाहीत तेवढा वेळ मोजायला.
फोनवर काकांना समजावलं, गप्प बसण्यात डॉक्टरेट.
म्हणाले, मग तुझ्या आत्याला ती सात जन्मांत मिळायची नाही.

इशबेल एकोणतीस वर्षं काचा वाचत होती.
वेधशाळेत रात्री दुसरेच कुणी आकाशाचे फोटो काढायचे,
काचेवर, उलटे: आभाळ पांढरं, तारे काळे.
आणि सकाळी ही, भिंगाला डोळा लावून,
एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायची,
मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत.
कुणाच्याही शोधनिबंधावर तिचं नाव नाही.
शेवटच्या पानावर, आभाराच्या बारीक अक्षरांत,
कधीतरी 'कुमारी रॅट्रे',
एकदा तर स्पेलिंगही चुकलेलं.

झटका आला तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला
बोराएवढी जागा अंधारली.
मी स्कॅन पाहिलाय.
डॉक्टर मक्लॅरननी त्यावर पेनाचं टोपण टेकवलं: इथे.

मराठीत ग्रहण दोन्हींना म्हणतात,
चंद्राला लागतं तेही,
आणि ऐकलेलं आत घेणं तेही.
हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. विराम साधारण चार सेकंद.
मग कुणीतरी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

पण कंगवा दर मंगळवारी वेगाच असतो.
छत्री कधी चुकूनही वेगा होत नाही.
चुकीला इतकं शिस्तीत वागता येतं?
मी तळटीप टाकली.
सरांनी ती खोडली: 'नमुना एकच.'

डिसेंबरात माझाच एक शब्द हरवला.
खणातलं ते, तळलेल्या पुऱ्या काढायचं,
भोकाभोकांचं, लांब दांड्याचं.
हातात धरून उभी राहिले. तेल तापत होतं.
पळी नव्हे. उलथनं नव्हे. चाळणी तर नव्हेच.
कुणाला विचारलं नाही, हट्टाने.
तीन दिवसांनी बावीस नंबरच्या बसमध्ये,
समोरच्या बाईची ओली बाही बघताना, काही संबंध नसताना:
झारा.
मोठ्यानेच म्हटलं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं.
विराम: सत्तर तास.

पुढच्या मंगळवारी, नियमाबाहेर जाऊन,
पिशवीतून झारा नेला. टेबलावरच्या दिव्यासमोर धरला.
चित्रांच्या गठ्ठ्यावर, तक्त्यावर, तिच्या मनगटावर
उजेडाचे ठिपके पडले.
इशबेल पुढे वाकली. एक डोळा मिटला.
अंगठा आणि तर्जनी, दोन ठिपक्यांवर, अलगद.
मग पुढचे दोन.
मग एका जागी थांबून तिने मान हलवली.
बनवणाऱ्याच्या हातून तिथलं एक भोक पाडायचं राहून गेलं होतं.
सहा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात होता तो.
मला माहीत नव्हतं.

रेकॉर्डर बंद होता.
याला काय म्हणतात, तिने भुवईने विचारलं.
मी सांगितलं.
तिने तो 'झ' तोंडात घोळवला,
गरम बटाटा घोळवावा तसा.

काल तिच्या भाचीचा फोन:
मावशी चहाच्या वेळी सारखं 'झारा, झारा' काहीतरी मागते,
कुठल्या दुकानात मिळेल?

प्रबंध मार्चमध्ये द्यायचाय.
कंगवा अजून वेगाच आहे.