बारा रुपये बाकी

कूलरच्या मोटरचा खोका, तीन बाजूंनी खिडक्या कापलेला,
खिडक्यांवर बर्डीहून आणलेला बटर पेपर,
आत पांढरा चार्ट, घडी न पाडता
मागून पुढे उतरवलेला, घसरगुंडीसारखा.
डावीकडे मुलाचा अभ्यासाचा दिवा,
उजवीकडे शिलाई मशीनचा.
एवढ्यात माझा स्टुडिओ झाला,
नंदनवनात, दुसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात.

कूलर बंद ठेवावा लागतो.
चालू केला की कागद फडफडतात
आणि उजेड हलतो.
पंखाही नाही.
पंचेचाळीस डिग्रीत श्वास धरून मी बटण दाबते
आणि कपाळावरचा थेंब
नेमका काचेवर पडतो.
पुसा. पुन्हा.

घड्याळं निखारे काकांची.
म्हणजे त्यांची नाहीत, तेच तर.
इतवारीत भांड्यांच्या एका दुकानाच्या जिन्याखाली
एकेचाळीस वर्षं ते डोळ्याला भिंग लावून बसले.
आता हात थरथरतो, जिना दुसऱ्याला गेला,
बिस्किटांच्या डब्यात उरली सत्तावीस घड्याळं,
दुरुस्तीला टाकलेली, न्यायला कोणी न आलेलं.
प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी.

पहिल्या दिवशी कळलं,
घड्याळाची काच आधी तुम्हाला दाखवते, मग वेळ.
माझं नाक, माझा हात,
मागे वाळत घातलेली चादर.
शेवटी काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून
त्यातून फक्त लेन्स डोकावू दिली,
चोरासारखी.

दुसऱ्या दिवशी कळलं,
चालता सेकंदकाटा फोटोत धुरासारखा येतो.
म्हणून किल्ली ओढून घड्याळ थांबवायला लागले.
काका सोफ्यावरून म्हणाले,
"चालती घडी काऊन बंद करून राह्यली वं?
दोन दिवस लागले होते मले, तिले चालवाले."

काटे मी दहा वाजून दहावर लावत होते.
जाहिरातीत तसेच असतात, म्हटलं,
घड्याळ हसरं दिसतं.
"माह्याकडं एकबी घडी
हासत नाही आली," ते म्हणाले,
आणि ताकाचा पेला खाली ठेवला.

तिसऱ्या दुपारी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.
सत्तावीस फोटो. सावली नाही, बोटाचा ठसा नाही,
काचांवरचे ओरखडे रात्री दोनपर्यंत बसून
मी एकेक पुसून टाकलेले.
शोरूममधून उचलून आणल्यासारखी दिसत होती.
मनातल्या मनात किमतीसुद्धा टाकून झाल्या होत्या.

काका एकेक बघत गेले.
एका सोनेरी, लेडीज घड्याळापाशी थांबले.
"हे कोनाची?"
मी चिठ्ठी वाचली:
कु. पुष्पलता ठवकर, मेडिकल चौक.
बेल्ट नवा, तेलपाणी. १२ रु. बाकी.
"नाही," ते म्हणाले.
"तिच्या घडीले साताच्या आकड्यापाशी चरा होता.
हापशीवर आपटली होती. रडत आली होती पोरगी.
चराच नाही, त मंग ते वळखन कशी?"

विकायची नव्हतीच तर.
मी विचारलंच नव्हतं.

उजवीकडचा बटर पेपर फाडून काढला.
दिवा आडवा केला, पार टेबलाला टेकवून.
समोरून पडणारा उजेड गुळगुळीत करतो,
कडेचा उजेड चुगली करतो.
सातापाशी आधी केस दिसला,
मग केसाचा चर झाला, एका टोकाला जरा खोल,
जिथे हापशीचा दांडा लागला असेल.
किल्ली दाबून दिली.
सेकंदकाटा आला तसा येऊ दिला, धुरकट.

एक झालं. सव्वीस राहिली.
कूलर लावला. खसचा ओला वास आला,
खोक्याचे उरलेले कागद थडथड वाजू लागले.
काकांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपले.

"फोटोखाली नाव लिव्हजो," ते म्हणाले.
"चौक बी लिव्हजो.
अन् बारा रुपये बाकी हायेत,
तेबी."