नऊ दिवसांचा मासा

येरेनं हात प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि म्हणाला,
तीन आठवडे तळं नाही, ऊन नाही, सौना नाही.
पहिल्या दोन गोष्टींना मी मान हलवली.
तिसरीला हसले.
तो हसला नाही.

कोपराच्या खालून मनगटापर्यंत बरोबर बसलाय,
वडील सौनाच्या ओसरीत भिंतीवर काढायचे तसाच:
मासा फळीवर धरायचा, कोळशानं भोवती रेघ ओढायची,
पाठीवर पाच पट्टे,
आणि मासा आईच्या हवाली.
बढाई मारायचा त्यांना कंटाळा होता.
भिंत बोलायची.

एप्रिलमध्ये सौना जळला.
एस्कोच्या फोनमध्ये एक फोटो निघाला,
पुढे टॉवेल गुंडाळलेला कुणीतरी पाहुणा,
त्याच्या कानामागे शेपटीसकट एकच मासा.
तो घेऊन मी कायानीला गेले,
अठ्ठावन्नाव्या वर्षी,
बसवरची सकाळची पाळी संपवून.

पहिल्या रात्री अभ्र्यावर आणखी एक उठला,
शाईचा आणि रक्ताचा, उलट्या तोंडाचा.
धुतला. गेला नाही.

कोमट पाणी. बिनवासाचा साबण.
बोटांनीच धुवायचं, टिपायचं, पुसायचं नाही.
मलम किती, तर आई राईच्या पावावर
लोणी लावायची तेवढं,
म्हणजे लावलं की नाही
याचा दिवसभर संशय यावा इतकं.

चौथ्या दिवशी गणवेशाची बाही आतून चिकटली.
शाळेच्या थांब्यावर जाणवलं.
ओढली नाही.
डेपोत नळाखाली हात धरून
कापडालाच हळूहळू सोडायला लावलं.

सहाव्या दिवशी मासा सोलवटू लागला,
शेपटीकडून.
राखाडी पापुद्रे, त्यांत काळं अडकलेलं,
चादरीवर, कॉफीच्या बशीत, ड्रायव्हरच्या सीटवर.
घाबरून येरेला फोन केला: गळतोय.
तो म्हणाला, वरची कातडी गळते, मासा खाली आहे.
म्हटलं, तुला सांगायला काय जातंय,
आमचा एक भिंतीसकट गेलाय.

आणि कंड.
तळ्याकाठचे डास मला पाळण्यापासून ओळखतात,
मला वाटायचं कंड मला शिकवायला नको.
पण हा आतून येतो,
पहाटे तीनला, खिडकीत लख्ख उजेड असताना,
कुणीतरी कूस बदलल्यासारखा.
नखं लावायची नाहीत. थोपटायचं.
मी कधी कुणाला थोपटून निजवलेलं नाही.
स्वतःच्याच हाताशी सुरुवात केली.

नवव्या दिवशी नवा सौना पहिल्यांदा तापला.
एस्कोनं स्वतः बांधलाय, दार घासतं.
सगळे आत. दगडांवर पाणी पडलं की
क्षणभर कुणीच बोलत नाही, मग एक सुस्कारा,
तो कुणाचा, हे मला बाहेरून ओळखता येतं.
मी पायरीवर, लांब बाहीच्या शर्टात.
रात्रीचे दहा, ऊन अजून स्प्रूसच्या शेंड्यांवर अडलेलं,
त्यापासूनही हात लपवत.

एस्को बाहेर आला, लालबुंद,
खांद्यांवरून वाफ निघत होती.
शेजारी बसला. फळी करकरली.
आम्ही बोलणारी माणसं नव्हेत.
बाही वर कर, अशी त्यानं नुसती हनुवटी हलवली.
बराच वेळ पाहिलं.
डोळ्याच्या जागी एक खपली अजून धरून होती.

"कल्ला मोठा झालाय."
"फोटोत तसाच आहे."
"फोटोत त्या पाहुण्याचा कान आहे, रायली."

मी हसले, हात हलला, कंड उसळला.
मी काही सांगायच्या आत
त्यानं ओल्या दोन बोटांनी थोपटलं,
शेपटीपासून वर, 
जिवंत असल्यासारखं.

"भिंत कोरी ठेवलीय," उठता उठता म्हणाला.
"कोळसा आहे. जुन्या सौनाचा, डबाभर."
मग दाराशी थांबून,
"किती राहिले तुझे?"
"बारा."

तो आत गेला. दार घासलं.
हातावर एक डास येऊन बसला,
मी फुंकर मारली.