परतीचं रक्त

"मोहाची मारून आला जी," बाप म्हणाला,
"वास घ्या ना तोंडाचा."
मी घेतला.
वास होताच. टोपलीच्या तळाशी दबलेल्या
मोहफुलांसारखा, गोड, आंबत चाललेला.
डाव्या गालावर चार बोटं उमटलेली,
तीही बापाचीच.

लालसाय कुमोटी, वय सोळा.
श्वास असा, की कुणीतरी मागे लागलंय
आणि हा झोपेतच पळतोय.
साखर बघितली तर मीटर आकडा देईना,
नुसतं 'हाय' म्हणालं.

कोरचीच्या दवाखान्यात गॅसचं यंत्र एक,
काडतुसं दोन,
त्यातलं एक महिनाअखेर बाद होणारं.
डॉक्टर नवे. मनगटात धमनी शोधत होते.
ठोका बोटाखालून निसटायचा
नाल्यातल्या झिंग्यासारखा,
सुई दोनदा आत गेली, दोनदा कोरडी आली.
"सर, शिरेतलंच घेऊ," मी म्हटलं.
"ऑक्सिजनचं बोटावरचा चिमटा सांगतोय.
आपल्याला आंबट किती, तेवढंच विचारायचंय."

कोपरातून आलं. काळपट, जांभळाच्या गरासारखं.
धमनीतलं रक्त म्हणजे सकाळी कामावर निघालेलं,
तोंड धुतलेलं, ताजं. त्याला घरचं काय माहीत!
हे दिवसभर तेंदूपाने तोडून परतणारं,
कुठल्या चुलीवर काय शिजलं,
कुठली चूल पेटलीच नाही,
सगळं बघून आलेलं.

पंखा बंद केला, व्होल्टेज पडू नये म्हणून.
दोन मिनिटं घामात.
पीएच सहा पॉइंट नऊ नऊ. बायकार्ब पाच.
डॉक्टर काही बोलले नाहीत,
सलाइनची बाटली स्वतःच उचलायला धावले.

"दारू नाही?"
"नाही."
"त मंग वास काहाचा?"
साखर दारात पडून आहे, मी सांगितलं,
पण आत घ्यायची किल्ली नाही.
म्हणून अंग घराचेच वासे काढून जाळतंय,
त्याचा धूर आहे हा.
त्याने मान हलवली. समजलं की नाही, कळलं नाही.
उजवा हात मात्र पाठीमागे नेला.

चार वाजता दुसरं काडतूस. सात पॉइंट एक दोन.
आता फ्रीजमध्ये फक्त लसी,
आणि कुणाचा तरी डबा.

उजाडताना पोरगा पुटपुटला,
"मी नाही पेलो, बाबा."
बाप बाहेर हापशावर होता,
कधीचा हापसत होता, बादली भरून वाहत होती.

मी नोंदवही उघडली. नाव, वेळ, आकडे.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दारू नाही.
तो रकाना त्यासाठी नसतो.