तासाला एक बिट

लातूर. तुरीचं गोदाम, बाराशे पोती,
माझ्याकडे सेन्सर तीनच.
नकाशावर सारख्या अंतरानं टिंबं काढली.
दस्तगीरचाचा हसले:
दारापाशी कशाला? तिथलं तर आमाला ठावंच हाय.
हल्ली मांजर जिथं निजतंय, तिथं लावा.

रात्री लॉगरिदम पुन्हा मांडले.
सगळ्यात जास्त शंका खरंच त्या कोपऱ्यात,
पत्र्याला घाम येतो, पोत्यांना ऊब धरते तिथं.

आता तिघं बोलत नाहीत
अंदाज चुकल्याशिवाय.
पण गप्प म्हणजे ठीक,
की बॅटरी मेली?
म्हणून तासाला एकच बिट, उगाच.

चाचाही पहाऱ्यावर मध्येच खोकतात,
खोकला नसताना.