सातवी रेघ

टालिनमध्ये जानेवारीत चारलाच काळोख होतो,
म्हणून लेलो वाहेरचा वर्ग दिव्याखाली भरतो.
स्टुलावर हेइनार. उघडा.
तीस वर्षं गोदीत जहाजं सांधलेला.

"खांदा काढू नका," लेलो म्हणते,
"खांद्याला काय झालंय ते काढा."
म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही.

वाळुंजीच्या कोळशाची कांडी
मी आडवी धरून घासते, मग टोकावर उभी.
कट्.
मोडली तिथे एक काळा ठिपका पडला
आणि तोच नेमका कोपर होऊन बसला.

पाठीची रेघ सातदा ओढली.
चुकलेल्या सहा तशाच ठेवल्या,
त्यांच्यामुळेच तो श्वास घेतोय.

खोडायला पांढरा पाव लागतो,
दुकानात आज राईचा काळाच होता.
त्याने पुसलं तर डाग वाढतो.
मारेट हसली, माझं खोडरबर खाऊन टाकलं.

मधल्या सुट्टीत हेइनार कोट पांघरून
कागदांपुढून फिरला, माझ्यापाशी थांबला.
डाव्या हाताची दोन बोटं त्याला नाहीत.
तिथे मी काही काढलं नव्हतं:
मनगटापाशी दाबलेली रेघ,
पुढे हलकी,
पुढे नुसताच कागद.

त्या कोऱ्या जागेवर त्याने अंगठा टेकवला.
"इथे," म्हणाला, "हिवाळ्यात अजून गारठतं."

मग कोट खुंटीला, तो स्टुलावर.
लेलोने घड्याळ लावलं.
मी नवा कागद घेतला नाही.