आधी काय टाकायचं

खोकं फोडता फोडता मोईन म्हणाला,
मावशी, काय काय टाकायचं ते पटकन सांगा,
मला द्वारकेला अजून दोन ठिकाणी जायचंय.

कोर्टाच्या भिंतीला टेकून आमचं दुकान, सहा बाय आठ.
टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, प्रतिज्ञापत्र.
पाटीवरचा ज्ञ उन्हानं उडालाय,
तरी लोक बरोबर वाचतात.

मोईनच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळं तयार.
लग्नातल्या आचाऱ्यासारखी तो पोतडी सोडतो :
ब्राउझर. पीडीएफ उघडायचं. झिप सोडायचं.
सिनेमा लावायचं, ते नारिंगी टोपीवालं.
मी इथं सिनेमा कधी बघू रे?
असू द्या मावशी, सगळे टाकतात.
व्हायरसवालं एक, फुकटातलं,
रोज संध्याकाळी विचारणारं, पैसे कधी भरता?
मग प्रिंटरचा ड्रायव्हर, स्कॅनरचा ड्रायव्हर, आवाजाचा ड्रायव्हर.
एवढे ड्रायव्हर
आणि मी अजून सिटी बसनंच येते.

म्हटलं, आधी मराठी टाक.
ती आता आतूनच येते, तो म्हणाला,
आणि इंग्रजी अक्षरं दाबून
त्यानं माझं नाव उमटवून दाखवलं :
प्रमिला धेमसे.

पाथर्डीचे ढेमसे आम्ही.
बघ, म्हटलं, एका मिनिटात परक्या घरात नेऊन बसवलंस.
असल्याच एका अक्षरापायी माणसं माझ्याकडे येतात,
सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं,
शाळेच्या दाखल्यावर मास्तरांच्या मनात आलं ते.
मी टाइप करून देते :
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.
दोनशे रुपये. स्टॅम्प वेगळा.

मेनरोडच्या क्लासात शिकलेली ही बोटं.
त्यांना अक्षरं माहीत नाहीत, जागा माहीत आहेत.
अर्धा ग मारायचा, मग काना, तेव्हा ग पुरा होतो.
पहिली वेलांटी अक्षराच्या आधी.
मोईनला हे सांगितलं तर तो हसला,
म्हणाला, मावशी, उलटंच आहे तुमचं.
असेल.

मग जुनी फाइल उघडली, दोन हजार सातची.
पडदाभर डॉलर, कंस, टिंबं,
एक डोक्यावर उभं राहिलेलं प्रश्नचिन्ह.
करप्ट झाली, मोईन म्हणाला, उडवू का?

हात लावू नकोस. फॉन्ट नाहीये फक्त.

स्टेपलर पिनांच्या डब्याखालून सीडी काढली,
पेपरात गुंडाळलेली. तर नव्या मशीनला
सीडी घालायला तोंडच नाही.
शेजारच्या नोटरीचं मशीन माझ्याच वयाचं,
तिथून मोईन कॉपी करून घेऊन आला.
चौसष्ट केबी, तो म्हणाला, एवढंसं?
एवढंसंच.

डॉलर हलले. कंस सरकले.
मी, खाली सही करणारी, चंद्रभागा निवृत्ती पिंगळे,
वय एकसष्ट, धंदा घरकाम, राहणार मखमलाबाद.
सही कसली, अंगठा होता तिचा.
शाई पुसायला तिनं माझा रुमाल नेला होता,
परत आणून दिला, धुऊन, घडी घालून.
हे फाइलमध्ये नाही.

शेवटी माझी परीक्षा : सातबाऱ्यावर. कुऱ्हाड. ऱ्हास.
तो वाकडा र मोडून पडला नाही
तेव्हा मी मोईनला चहा सांगितला.

जुनं मशीन भंगारात देता का, आठशे मिळतील.
टेबलाखाली राहू दे, पाय टेकायला होतं.

तो मागं वाकून वायरी बांधत होता
आणि पडद्यावर अजून काहीतरी भरत होतं, बासष्ट टक्के, त्रेसष्ट,
तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ,
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.
मॅडम, चालू झालं का? नाव दोन ठिकाणी वेगळं लागलंय.

बसा, म्हटलं. बरोबर कुठलं?

ते पिशवीत बघत राहिले.